इंदुरी जेवणाबरोबर वाईन: नवख्यांसाठी मार्गदर्शन

इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत वाईनची पहिली बाटली विकत घेतलेली नसते. नाशिकहून आलेल्या पाहुण्याने किंवा पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने ती आणलेली असते, आणि ती केव्हा उघडायची, कशाबरोबर घ्यायची हे कोणालाच नीट ठाऊक नसल्याने ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दोन-तीन उन्हाळे काढते. तोवर आतल्या वाईनची चव बरीच उतरून गेलेली असते. वाईनविषयी सहज मिळणारे मार्गदर्शनही बहुधा युरोपातल्या जेवणाला धरून लिहिलेले असते. त्यात जिरावन, म्हणजे इंदुरी मसाल्याची पूड नसते, आमसुलाची आमटी नसते आणि तुपात बुडवलेला बाफला, म्हणजे माळव्यातला कणकेचा गोळाही नसतो. म्हणून हा लेख माळव्यातल्या मराठी स्वयंपाकघरासाठी लिहिला आहे. त्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: नवख्याने रंग, किंमत आणि नाव यांच्या आधी वाईनमधला आंबटपणा ओळखायला शिकावे, कारण आपल्या जेवणाशी वाईनचे जमते की बिनसते हे बहुतांशी त्यावर ठरते.

आधी काही गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वाईन हे मद्यच आहे, औषध नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जो घेत नाही त्याला आग्रह करू नये, आणि गर्भवती स्त्रियांनी तसेच नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. मध्य प्रदेशात मद्य विकत घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसारख्या धार्मिक ठिकाणी १ एप्रिल २०२५ पासून मद्यविक्री बंद आहे. गुजरातेत दारूबंदी असल्याने बडोद्याच्या नातेवाइकांकडे जाताना भेट म्हणून बाटली नेण्याचा विचारही करू नये. गाडी चालवायची असेल तर घोटभरही घेऊ नये, हा माझा सल्ला आहे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे.

पहिली पायरी: बाटलीत काय आहे ते समजून घेणे

द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. सगळी साखर संपली तर वाईन कोरडी, म्हणजे ड्राय होते. काही उरली तर गोडसर राहते. रंग येतो तो सालींमुळे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून फिकटच असतो. तो सालींसह आंबवला की रेड वाईन तयार होते, साली काही तासांत काढून टाकल्या की रोझे, आणि रस सालींपासून आधीच वेगळा केला की व्हाइट. सालींबरोबर टॅनिनही उतरते आणि रेड वाईनचा तुरटपणा त्यातूनच येतो. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनच्या उत्तम प्रकारांत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण घडवून आणतात आणि तो वायू आत कोंडून ठेवतात. साध्या वाईनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असते, तर आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के. त्यामुळे वाईनमध्ये सोडा किंवा बर्फ घालून ती पातळ करण्याचे कारण नाही.

पुष्कळांची वाईनशी पहिली ओळख गोव्याच्या सहलीत, तिथल्या गोड लाल 'पोर्ट'मुळे होते. मूळ पोर्ट ही पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली वाईन असून त्या प्रदेशाच्या सीमा १७५६ मध्येच आखून दिल्या गेल्या. आंबवण अर्धवट असतानाच तिच्यात द्राक्षांपासून काढलेले तीव्र मद्य घालतात. यीस्ट मरते आणि साखर शिल्लक राहते. गोव्यातल्या त्या एका पेल्यावरून सगळ्या वाईनची कल्पना करून घेऊ नये.

दुसरी पायरी: थोडा इतिहास, आणि त्यात माळव्याचा वाटा

वाईनचा आजवर सापडलेला सर्वांत जुना रासायनिक पुरावा जॉर्जिया देशातला आहे. तिथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांमधल्या मातीच्या रांजणांच्या तुकड्यांत द्राक्षांच्या वाईनचे अवशेष मिळाले, ते इसवी सनापूर्वी सुमारे ६००० वर्षांचे आहेत, आणि ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉर्जियात आजही जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणांत वाईन आंबवतात.

आपल्याकडे वाईन इंग्रजांबरोबर आली, हा समज खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात द्राक्षांच्या रसापासून केलेल्या मद्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ज्या प्रदेशांतून ते येई त्यांवरून पडलेली कापिशायन व हारहूरक ही त्याची नावेही दिली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत वाईन आहे, आणि इटलीच्या वाईनला विशेष मागणी असल्याचे लेखकाने नमूद केले आहे. त्याच ग्रंथात उज्जैनहून भडोचला येणारे अकीकासारखे रंगीत खडे आणि मलमल यांचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्या बाजारात इटलीची वाईन उतरत होती, त्याच बाजारात माळव्याचा माल जात होता. त्यातली किती वाईन घाट चढून उज्जैनपर्यंत आली हे त्या ग्रंथात नाही. परंतु या प्रदेशाचे नाव वाईनच्या व्यापाराच्या इतक्या जुन्या नोंदीशेजारी सापडते, ही मला मोलाची गोष्ट वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. उपाय सापडला तो कलमाचा: या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर युरोपातल्या जातींचे डोळे बांधायचे. महाराष्ट्रातले बागायतदार डॉगरीजसारख्या खुंटावर कलमे करतात, ती निराळ्या कारणासाठी, म्हणजे पाण्याची टंचाई आणि जमिनीतले क्षार यांना तोंड देण्यासाठी. पण तंत्र तेच.

भारतातल्या आजच्या वाईनची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावच्या इंडाज या कंपनीने केली आणि त्यानंतर बंगळुरूजवळच्या नंदी हिल्स परिसरात ग्रोव्हरने मळे लावले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले. त्याच सुमारास, २००० मध्ये, नाशिकच्या सुलाची पहिली वाईन बाजारात आली होती. पुढे अकलूजच्या फ्रातेल्लीसारखे उत्पादक उभे राहिले. नाशिकची वेल युरोपातल्या वेलीसारखी थंडीत झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा अशा त्या दिवसांत द्राक्षांत साखर भरते, पण आंबटपणा पूर्णपणे नाहीसा होत नाही. तोडणी लांबून ऊन वाढत गेले, तर तो उतरत जातो.

तिसरी पायरी: जीभ तयार करणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिच्यासाठी सुरुवातीला वाईन लागतच नाही. तीन लहान पेल्यांत पाणी घ्यावे. एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात साखर विरघळवावी, तिसऱ्यात पाण्याऐवजी बिनदुधाचा, बिनसाखरेचा, कडक उकळलेला आणि थंड केलेला चहा घ्यावा. लिंबाच्या पाण्याचा घोट गिळला की जबड्याच्या मागच्या बाजूंना लाळ सुटते. मान थोडी खाली घातली तर ती पुढे वाहत आलेली स्पष्ट जाणवते. साखरेच्या पाण्याने तसे होत नाही. चहाने उलट हिरड्या आणि जीभ कोरडी पडून आवळल्यासारखी होते, आणि रेड वाईनमधले टॅनिन तोंडात हेच करते. आता लिंबाच्या पाण्यात साखर घालून पुन्हा घोट घ्यावा. आंबट चव दबते, पण लाळ तितकीच सुटते. गोडसर वाईनमध्ये आंबटपणा दडलेला असतो आणि तो ओळखायचा तो लाळेवरून, चवीवरून नव्हे. हे एकदा तोंडाला कळले की पुढचे सर्व सोपे जाते.

मग वाईन घ्यावी. पेला काचेचा, दांडीचा आणि वर तोंडाशी निमुळता असावा, आणि तो एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वाईन फिरवताना गंध आत जमतो. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. आधी पांढऱ्या कागदासमोर रंग पाहावा. व्हाइट वाईन तपकिरी झुकलेली दिसली तर ती उतरलेली असण्याची शक्यता असते. त्यानंतर गंध घ्यावा आणि जे आठवेल ते आपल्याच शब्दांत म्हणावे: पेरू, कैरी, संत्र्याची साल, जांभूळ, मिरे. युरोपातल्या ज्या फळांची नावे बाटलीच्या मागे लिहिलेली असतात, ती फळे न खाल्लेल्या माणसाने पाठ करण्यात अर्थ नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष समजावा, आणि असा दोष हॉटेलात आढळल्यास बाटली परत करण्यात संकोच बाळगू नये. शेवटी छोटा घोट तोंडभर फिरवून चार गोष्टी पाहाव्यात: लाळ किती सुटली, गोडी किती आहे, हिरड्या किती आवळल्या आणि घशाशी अल्कोहोलची ऊब किती जाणवली.

याच बैठकीत आणखी एक प्रयोग करावा. एकाच ड्राय व्हाइट वाईनचे घोट अनुक्रमे गुळाच्या खड्यानंतर, लिंबाच्या फोडीनंतर, मिठाच्या कणांनंतर आणि लवंगी शेवेनंतर घ्यावेत. गुळानंतर तीच वाईन अंगावर येण्याइतकी आंबट आणि रोडावलेली लागते. लिंबानंतर ती मऊ आणि किंचित गोड वाटते. मिठाने तिचे टोक बोथट होते. तिखट शेवेनंतर मात्र अल्कोहोलची ऊब वाढते आणि तोंडातली आग भडकते. जेवणाशी वाईन जुळवण्याचे बहुतेक नियम या चार घोटांत आहेत.

चौथी पायरी: पहिल्या बाटल्या निवडणे

नवख्याने रेडपासून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्या जेवणात आंबट आणि तिखट दोन्ही असते. त्यापुढे टॅनिन कडवट होते, आणि मग वाईन आपल्यासाठी नाहीच असा ग्रह होऊन बसतो. पहिली बाटली थोडी गोडसर शेनिन ब्लाँ असावी, दुसरी पूर्ण ड्राय आणि चांगली आंबट सोव्हिन्याँ ब्लाँ (या दोन्ही पांढऱ्या द्राक्षांच्या जाती), तिसरी रोझे. त्यानंतर काळ्या द्राक्षांच्या जातींपैकी शिराझ घ्यावी, आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ सर्वांत शेवटी.

भारतीय बाटल्यांवर बहुधा द्राक्षाच्या जातीचे नाव असते. फ्रान्सच्या बाटल्यांवर पुष्कळदा फक्त गावाचे किंवा प्रदेशाचे. शाब्ली लिहिलेले असेल तर आत शार्डोने असते, हे माहीत असावे लागते. बाटलीवरचे साल तोडणीचे असते. व्हाइट आणि रोझे घेताना जितके अलीकडचे साल मिळेल तितके घ्यावे, कारण जुनी वाईन म्हणजे चांगली वाईन हा नियम मोजक्याच महागड्या बाटल्यांना लागू होतो. दुकानात बाटली कोठे ठेवली आहे तेही पाहावे: दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली, बूच वर उचललेली किंवा गळ्याशी चिकट ओघळ असलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नाशिक मुंबई-आग्रा महामार्गावरच असल्याने तिथून बाटल्या आणण्याचा मोह होतो. परंतु मद्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणण्यास अबकारी खात्याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

पाचवी पायरी: तापमान

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि त्या खोलीतली शिराझ कोमट काढ्यासारखी लागते. रेड १४ ते १८ अंशांना, व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंशांना, आणि स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना द्यावी. व्यवहारात याचा अर्थ असा की व्हाइट फ्रिजमध्ये तीन तास ठेवावी आणि रेडही अर्धा-पाऊण तास ठेवावी. स्पार्कलिंगची बाटली फ्रीझरमध्ये विसरू नये आणि उघडताना तिचे तोंड कोणाकडे धरू नये. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असू शकतो. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी.

सहावी पायरी: पानाशी जुळवणे

सणाच्या आणि नैवेद्याच्या पानाचा येथे विचार केलेला नाही. त्याबरोबर वाईन आणू नये. सकाळच्या पोह्यांनाही वाईनची गरज नाही.

सुरुवातीला सर्वांत योग्य पदार्थ म्हणजे हिवाळ्यातले गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ, वर लिंबू आणि जिरावन: तेल, मीठ आणि आंबट तिन्ही एकत्र येतात. त्याबरोबर ड्राय स्पार्कलिंग, म्हणजे ब्रूट द्यावी. तिच्या आंबटपणाने जिभेवरचा तेलाचा थर निघून जातो, बुडबुड्यांनी तोंड ताजे होते, आणि लिंबामुळे वाईन आंबट न लागता फळांचा गंध पुढे येतो. सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून गराडू बांधून आणले तर वाफेने नरम पडतात. म्हणून ते घरीच दोनदा तळावेत आणि कढईतून काढल्याबरोबर बाटली उघडावी. कोथिंबीर वडी, खोपरा पॅटिस आणि साबुदाणा वड्यालाही हीच जोडी चालते.

भुट्ट्याच्या कीसात दुधाने आणि कोवळ्या मक्याने आलेला गोडवा असतो, आणि त्यावर हिरवी मिरची, हिंग, नारळ, लिंबू. अगदी ड्राय वाईन त्या गोडव्यापुढे करकरीत लागते. येथे गोडसर शेनिन ब्लाँ नेमकी बसते, कारण तिची साखर मक्याच्या गोडीला पुरून उरते, मिरचीची धार कमी करते, आणि तिच्यातला आंबटपणा दुधाचा जडपणा कापतो. माझ्या दृष्टीने माळव्यातल्या पदार्थांत वाईनशी इतकी चांगली जुळणारी दुसरी जोडी नाही.

चिंच किंवा आमसूल घातलेल्या आमटीबरोबर वाईन किमान आमटीइतकी आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी पुळचट लागते. सोव्हिन्याँ ब्लाँ येथे उपयोगी पडते; तिचा हिरवट, कैरीसारखा गंध कोथिंबीर आणि कढीपत्त्याशीही मिळतो. दाल-बाफल्यात प्रश्न तुपाचा असतो. ड्राय रोझे त्याला पुरे पडते, आणि डाळीत तिखट कमी असेल तर हलकी, थंड केलेली रेडही चालते, कारण स्निग्ध पदार्थ टॅनिनला मऊ करतात. भरल्या वांग्याला रोझे द्यावी. कारल्याला आणि मेथीला रेड देऊ नये, कडूत तुरट मिसळून दोन्ही बिघडतात. लोणचे वाढायचे असेल तर वाईनचा घोट आणि लोणचे यांत दोन घासांचे अंतर ठेवावे.

काळ्या मसाल्याचे मटण हे शिराझचे स्थान आहे. शिराझमध्ये मिऱ्याचा गंध येतो, आणि ती केवळ कल्पना नाही: रोटंडोन नावाचे जे गंधद्रव्य काळ्या मिऱ्यात असते, तेच शिराझच्या द्राक्षांच्या सालीतही असते. मसाला भाजताना त्यात मिरे, लवंग, दगडफूल जरा सढळ घालावे आणि लाल तिखटाला हात आखडता घ्यावा. रस्सा झणझणीतच करायचा असेल तर शिराझ बाजूला ठेवून गोडसर व्हाइट घ्यावी, आणि पानाशेजारी ताकही ठेवावे, कारण तिखट शमवण्याचे काम दुधातली प्रथिने करतात, ते वाईनला जमत नाही.

गोडासाठी नियम एकच: वाईन पदार्थापेक्षा गोड असावी. श्रीखंडाबरोबर ड्राय वाईन घेतली तर ती कडवट लागते, हे गुळाच्या प्रयोगात दिसलेच आहे. उशिरा तोडलेल्या, साखर साठलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट वाईन भारतातही होते. तिचा लहानसा, साठ मिलिलिटरचा पेला कमी साखरेच्या केशरी श्रीखंडाबरोबर द्यावा. जिलबी आणि गुलाबजाम यांच्यापुढे कोणतीच वाईन टिकत नाही.

उरलेली बाटली

७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच पेले होतात आणि दोघांच्या जेवणात ती संपवण्याची गरज नाही. न उघडलेली बाटली स्वयंपाकघरात किंवा फ्रिजच्या डोक्यावर न ठेवता घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. लाकडी बुचाची असेल तर आडवी, म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीच्या झाकणाची असेल तर कशीही. इंदूरचा उन्हाळा तिला काढायला लावू नये. होळीच्या आधी घेतलेली बाटली वैशाखापर्यंत संपवावी किंवा सरळ फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली वाईन, रेडसुद्धा, एखाद्या छोट्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर हवा कमी लागते आणि ती दोन-तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर ती आंबत जाते. अशी रेड मटण शिजवताना मसाला परतून झाल्यावर वाटीभर घालावी आणि तिचा उग्र वास जाईपर्यंत झाकण न ठेवता आटवावी. मात्र त्या दिवशी रश्शात आमसूल घालू नये.